पंपाच्या तारांचे सांधे ओढून पाहावेत

विहिरीवरील विजेची मोटार जळाली की आपण कमी दाबाला दोष देतो. तो दोष पुष्कळदा खराही असतो. परंतु स्टार्टरमधील तारेच्या टोकाला दाबून बसविलेल्या लगकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

लग नीट दाबली गेली नाही, तर तिचा तारेशी स्पर्श अपुरा राहतो, तेथे रोध वाढतो व सांधा तापू लागतो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते. ती थेट सुरू करताना क्षणभर प्रवाह सहापट झाला, तर त्या सांध्यातील उष्णता छत्तीसपट होते. अखेर एका फेजचा सांधा जळून तुटतो, मोटार उरलेल्या दोन फेजवर चालत राहते आणि ओव्हरलोड रिले योग्य लावलेला नसल्यास तिची वेटोळी जळतात.

सांध्याची पारख अवघड नाही. प्रथम मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत. ऑटो स्विच असल्यास तोही बंद करावा, कारण वीज येताच तो मोटार आपोआप सुरू करतो. नंतर वीज नसल्याची खात्री टेस्टरने करून प्रत्येक तार हाताने जोराने ओढावी. ती सरकली किंवा लगमध्ये फिरली, तर सांधा बाद समजावा. लग तारेच्याच मापाची असावी. तारेचा एकही पदर बाहेर राहिलेला वा तुटलेला नसावा. आवरण लगच्या नळीत दाबले गेलेले नसावे. आवरण काळवंडले वा वितळले असेल, तर तेथे उष्णता झाली असे ओळखावे. पक्कडीने किंवा हातोडीने ठोकलेली लग स्वीकारूच नये. ती दाबण्याच्या खास हत्यारानेच बसवावी.

आमचे मत असे की, पंप बसविणाऱ्याने ही ओढून पाहण्याची परीक्षा मालकासमक्ष करून दाखवावी आणि मालकाने त्यानंतरच पावतीवर सही करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रघात पाडावा. दाबण्याचे हत्यार प्रत्येकाला घेणे शक्य नसले, तरी गावच्या सहकारी संस्थेने एक ठेवण्यास हरकत नसावी.

यात तारतंत्र्यावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. घरचे बियाणेसुद्धा आपण उगवणशक्ती पाहूनच पेरतो. ऐन पाण्याच्या पाळीत मोटार बंद पडली, तर उभे पीक दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाही.