चमक गाडीला, जखम हाताला नको!

पुण्यात जुन्या मोटारसायकलींचे शौकीन पुष्कळ. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून ते हमखास दिसतात. जावा आणि पुढे येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. तेव्हापासून मूळ भाग दुर्मिळ झाले. म्हणून गंजलेले हँडल, रिम, सायलेन्सर टाकून न देता त्यांना पुन्हा मुलामा देतात. आपल्या घरातला एखादा मुलगा अशा प्लेटिंगच्या कामावर जात असेल, तर त्या कामाची माहिती आईवडिलांनाही हवी, असे आम्हांस वाटते.

आधी जुना मुलामा उतरवून बफिंग करतात, तेलकटपणा धुऊन भाग आम्लात बुडवतात. मग तो विजेच्या ऋण टोकाला टांगून तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम असे थर चढवतात. बारीक खड्डे भरतात ते तांब्याने. वरचा चकचकीत क्रोम एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवते ते खालचे निकेल. निकेलात कसर केली की गाडी पुन्हा गंजते. फोर्कच्या झिजलेल्या नळ्यांचे काम वेगळे. त्या ग्राइंडिंग करून सारख्या करतात, हार्ड क्रोमचा जाड थर देतात आणि पुन्हा मापावर आणतात.

हुन्नर चांगला, पण टाकी विषारी. क्रोमच्या टाकीतून उडणाऱ्या तुषारांत षट्संयुजी क्रोमियम असते. त्याने हातांवर खोल व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली जाहीर केले. १९४८ च्या कारखाने कायद्याने क्रोमचे व्रण हा कळवण्याजोगा व्यवसायरोग मानला होता. तांब्याच्या टाकीत पुष्कळदा सायनाइड असते. त्यात आम्ल पडले की प्राणघातक वायू निघतो.

म्हणून मुलाला विचारा: टाकीच्या कडेला धूर ओढणारा पंखा आहे का? रबरी हातमोजे, बूट, चष्मा मिळतो का? तोंडाला बांधलेला रुमाल हे तुषार अडवत नाही. जेवणाआधी हात धुवायला साबण-पाणी आहे का? धुतलेले पाणी प्रक्रिया न करता गटारात जाते का? ईएसआयचे कार्ड मिळाले का? हातावरची जखम भरत नसेल किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा. अठरा वर्षांखालील पोराला तर या टाकीजवळ उभेच करू नये.

आणि गाडीच्या मालकांनाही एक सांगणे. घासाघीस करून भाव पाडलात, तर पहिली काटछाट त्या पंख्यावर आणि हातमोज्यांवर होते. दुकान निवडताना चमक बघा, तसे कारागिराचे हातही बघा.