तिजोरी कुणाच्या बापाची?

मी उजव्या विचारांचा माणूस आहे. हे आधीच सांगितलेले बरे. ज्यांना पान उलटायचे आहे त्यांनी इथेच उलटावे. मात्र सरकारही स्वतःला उजवे म्हणवते म्हणून मी टाळ्या पिटेन, अशी कुणाची समजूत असेल तर तीही इथेच सोडावी. डाव्यांकडून मी काटकसरीची अपेक्षा कधी ठेवलीच नव्हती, त्यामुळे त्यांनी माझा अपेक्षाभंग केलेला नाही. तो केला आमच्या लोकांनी.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी जेमतेम १७ जागा सत्ताधारी महायुतीच्या पदरात पडल्या. निकाल ४ जूनचा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि त्यातून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना बाहेर आली. दरमहा १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. इतकी वर्षे न आठवलेली बहीण चोवीस दिवसांत आठवली. मग लिलाव सुरू झाला. महायुती म्हणाली, आम्ही २,१०० करू. महायुती म्हणाली, आम्ही २,१०० करू. हे पैसे आणणार कुठून, असे दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आपल्यालाही द्यावे लागले असते. नोव्हेंबरात २८८ पैकी २३० जागा महायुतीला मिळाल्या.

पुढच्या मार्चमध्ये, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, त्या २,१०० चा पत्ता नव्हता. योजनेसाठी तरतूद ठेवली ३६,००० कोटींची. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट दाखवली आहे ४५,८९१ कोटींची, आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज आहे. तरतूद आणि तूट हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नुसत्या व्याजापोटी साठ हजार कोटींहून अधिक रक्कम जाते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज एवढ्यातच महसुलातला निम्म्याहून जास्त वाटा संपतो. उरलेल्यात रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने बसवायचे आणि वर बहिणीला खूशही ठेवायचे.

ओवाळणी भावाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. हा भाऊ बहिणीच्याच नवऱ्याच्या खिशात हात घालतो, कमी पडले तर तिच्या पोराच्या नावावर उधार काढतो, आणि तबकात नोट टाकताना फोटो मात्र स्वतःचा काढून घेतो.

यात बायाबापड्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात पंधराशे रुपयांत महिन्याची औषधे आणि गॅसची टाकी बसते, त्या घराची टिंगल एसीत बसून करणाऱ्यांची मला चीड आहे. आपल्या दारात पैसे चालत आले तर कोण परत पाठवील? माझा राग वाटणाऱ्यावर आहे. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले, छाननीची कुणाला सवडच नव्हती. निवडणूक उरकली आणि २०२५ मध्ये सरकारला एकाएकी चाळणी सापडली. सव्वीस लाखांहून अधिक लाभार्थी संशयास्पद म्हणून थांबवले गेले. चौदा हजारांवर पुरुष या योजनेतून ‘बहिणी’ होऊन गेले होते. दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचाऱ्यांनीही हप्ते उचलले होते. म्हणजे ज्या सरकारला आपल्याच पगारपत्रकावरची माणसे ओळखता येईनात, ते अडीच कोटी गरीब बायका ओळखून काढणार होते. पैसे कमी पडू लागले तेव्हा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचे शेकडो कोटी इकडे वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध जाहीर नाराजी बोलून दाखवली. गरिबाच्या एका ताटातले काढून दुसऱ्या ताटात वाढायचे, याला आपल्याकडे हल्ली कल्याणकारी राज्य म्हणतात.

यावर सरकारी बाजूचे एक ठरलेले उत्तर आहे: राज्याच्या सकल उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण अजून मर्यादेत आहे. आहे, मान्य. पंजाबपेक्षा आपली अवस्था बरी आहे हेही मान्य. पण धरण बांधायला काढलेले कर्ज आणि रोजचा खर्च भागवायला काढलेले कर्ज यांचे प्रमाण कागदावर सारखेच दिसते. धरण पन्नास वर्षे पाणी देते. महसुली तूट भरायला काढलेल्या कर्जातून पुढच्या पिढीच्या हाती फक्त हप्ता उरतो.

आता सरकारी नोकरांकडे वळतो. मते जातील म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलायला कुठलाच पक्ष तयार नसतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे त्यांना नोकरी धरतानाच माहीत होते. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. नेमक्या त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू-हरभरा झोपला, द्राक्षे गळाली, आणि पंचनामे करायला तलाठी जागेवर नव्हते. ज्याला म्हातारपणी दमडीची पेन्शन नाही, तो शेतकरी पेन्शनसाठी संपावर गेलेल्या माणसाची वाट बघत बांधावर उभा होता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस स्वच्छ बोलले होते की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. इतके खरे बोलणारा अर्थमंत्री विरळा. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने सुधारित योजना जाहीर करताच ती उचलणारे पहिले राज्य महाराष्ट्र ठरले. मधल्या काळात तिजोरी भरली नव्हती, फक्त निवडणूक जवळ आली होती. आणि कर्मचाऱ्यांना तरी कोणत्या तोंडाने सांगणार? माजी आमदाराला महिन्याला किमान पन्नास हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते, ते थांबवा म्हणून विधिमंडळात कधी दंगा झाल्याचे ऐकिवात नाही.

कर्जमाफीचेही तेच. २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दीड लाखापर्यंतची, ३४,०२२ कोटींची माफी जाहीर झाली. २०१९ मध्ये सरकार बदलले, दोन लाखांपर्यंतची दुसरी माफी आली. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजार प्रोत्साहनपर देऊ असेही तेव्हा सांगितले. ते हाती पडायला २०२२ उजाडले. २०२४ च्या जाहीरनाम्यात पुन्हा माफी. मग मार्च २०२५ मध्ये तेच अजित पवार म्हणाले की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. ऑक्टोबरात शेतकरी नेते बच्चू कडूंनी माफीसाठी नागपुरात महामार्ग अडवला, उच्च न्यायालयाला रस्ता मोकळा करा असे सांगावे लागले, आणि दोन दिवसांत सरकारने समिती नेमून ३० जून २०२६ ची मुदत देऊन टाकली. सरकार शब्दाला नाही, चक्का जामला जागते, हे आता शेंबड्या पोरालाही कळले आहे. मात्र या सगळ्यात जो मुकाट्याने मार्चअखेर सोसायटीचे कर्ज भरून आला, पारावर त्याला मूर्ख म्हणतात. दर पाच वर्षांनी राज्य त्याला मूर्ख ठरवते, आणि मग जिल्हा बँकांची वसुली का होत नाही म्हणून चर्चासत्रे भरवते.

मी शेतकऱ्याच्या विरोधात आहे असे म्हणणाऱ्यांना मला एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. शरद जोशी. बर्नमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संस्थेची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले. त्यांनी कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला, निपाणीत तंबाखूवाल्यांना उठवले, तुरुंगात गेले. म्हणजे रस्ता अडवण्याबद्दल मी सोवळे पाळतो आहे असे समजू नका. प्रश्न रस्ता कशासाठी अडवला हा आहे. त्यांची घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. सरकारने शेतकऱ्याला काही द्यावे ही त्यांची मागणीच नव्हती. सरकारने आमच्या खिशातला हात काढावा, निर्यात अडवू नये, झोनबंदी लादू नये, भाव पाडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला डावे-उजवे सगळेच शिव्या घालत होते, तेव्हा खुल्या बाजाराच्या बाजूने हा माणूस शेतकऱ्यांच्या सभांतून बोलत होता. कर्जमुक्ती त्यांनीही मागितली, पण सरकारने भाव पाडून जे लुटले त्याची भरपाई म्हणून, आणि लूट थांबवा या अटीसह.

लूट थांबली का? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ७ डिसेंबर २०२३ ला सरळ निर्यातबंदी. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव कोसळले. शहरातला ग्राहक चिडतो आणि १९९८ मध्ये दिल्लीत कांद्याने सरकार पाडले, ही भीती राज्यकर्त्यांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. ४ मे २०२४ ला बंदी उठवली ती मतदान तोंडावर आल्यावर, तीही ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. आता हिशेब मांडा: आधी निर्यात बंद करून नाशिकच्या शेतकऱ्याचे पैसे घालवायचे, मग तो थकला की माफी द्यायची, आणि ती माफी दिली म्हणून त्याच्याचकडून मत मागायचे. माझी तक्रार आमच्या उजव्या सरकारविरुद्ध आहे ती याचसाठी. बाजार मोकळा सोडायला पैसा लागत नाही, धैर्य लागते.

याच शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली. त्यात शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा होता. पुष्कळ नवऱ्यांनी तो केलाही. सातबाऱ्यावर नाव लागले की ती बाई कुणाची लाडकी राहत नाही, मालकीण होते. एकाही पक्षाने ती मोहीम पुढे नेली नाही. सातबाऱ्यावर मुख्यमंत्र्यांचा फोटो छापता येत नाही, हे कारण असावे.

एका आंदोलनाला मात्र माझा बिनशर्त पाठिंबा आहे, आणि आमच्या गोटातल्यांना तो रुचणार नाही. वर्ध्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग बांधायचे सरकारने ठरवले, २०२५ मध्ये खर्चाचा अंदाज ८६,००० कोटींच्या वर होता. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी म्हणतात, आमची बागायत आम्हाला विकायची नाही, आणि नागपूर-रत्नागिरी रस्ता आहेच. त्यांना काही फुकट नको आहे. त्यांना फक्त आपले आहे ते राखायचे आहे. उजव्या विचाराचा पहिला धडा मालमत्तेचा हक्क हा असेल, तर या आंदोलनाइतके उजवे आंदोलन महाराष्ट्रात दुसरे नाही. पण त्यांच्या बाजूला लाल झेंडे उभे राहिले आणि आमचे विद्वान लगेच ‘विकासविरोधी’ म्हणून मोकळे झाले. साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकारी हमी मिळते तेव्हा याच विद्वानांना तिजोरीची काळजी वाटत नाही.

गरिबाला सरकारने काहीच देऊ नये असे मी म्हणत नाही. या राज्याने ते एकदा नेटके करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे तिचा कायदा झाला: मागेल त्याला काम. आणि पैसा? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांना आणि व्यावसायिकांना तोंडावर सांगितले की खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचे आहे, त्यासाठी तुमच्या पगारातून कापणार. आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, पगारपत्रकावर बघा. रोहयोत बोगस हजेरीपटही झाले, ठेकेदारांनी हात मारले, सगळे खरे. पण गावाला पाझर तलाव आणि रस्ता मिळाला, मजुराने कष्टाचे पैसे ताठ मानेने नेले, आणि ते कुणी दिले हे देणाऱ्यालाही ठाऊक होते. दिल्लीने २००५ मध्ये तीच कल्पना देशासाठी उचलली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे रोख वाटपाची, माफीची किंवा पेन्शनची कोणतीही योजना विधिमंडळात आली, की त्याच दिवशी तिच्यासाठी कोणता कर वाढणार किंवा कोणता खर्च कापला जाणार, याचे विधेयक तिच्यासोबत मांडले गेले पाहिजे, आणि निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत अशी योजना आणायला कायद्याने बंदी हवी. जो पक्ष हे जाहीरनाम्यात छापील, त्याला मी मत देईन, मग तो डावा असो की उजवा. २०२४ च्या विधानसभेला महायुती आणि महाविकास आघाडी या दोघांचेही जाहीरनामे खिरापतीने भरले होते. त्यांच्यापैकी एकानेही असे काही छापलेले नव्हते.