डोस थांबवण्याचा अधिकार

औषध कुणी लिहायचं, याबद्दल माझा वाद नाही. ते डॉक्टरांचंच काम. पण लिहिलेला डोस या घडीला द्यायचा की थांबायचं, हे खाटेशेजारची सिस्टर ठरवते. हे आता उघडपणे मान्य व्हायला हवं.

मी प्रसूती विभागात आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट देतात. मग दर चार तासांनी पुढचं इंजेक्शन. वेळ झाली म्हणून सुई टोचायची नसते. आधी पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, ते १६च्या खाली नकोत. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकून पाय उडतो का बघायचं. चार तासांत लघवी निदान १२० मिली हवी, कारण हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये तयार असतं.

एका रात्री पिशवीत लघवी जेमतेम ४० मिली होती. बाई बोलत होती, पण जीभ जड झालेली, पाय उडेना. मी डोस रोखला आणि डॉक्टरांना उठवलं. बाई वाचली. माझ्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला गेला.

सगळ्या रुग्णांपुढे श्वास ‘२०’ लिहिलेले तक्तेही मी पाहिलेत. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर असेल तर मोजणार कोण?

रुग्णालय चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: रात्री दुसरी सिस्टर द्या, आणि कारण नोंदवून डोस थांबवणारीला आरोपी करू नका.