रानातले गुरुजी

सोलापुरात 1932 साली जन्मलेले वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली कोइमतूरला वनविद्या शिकले. पण रानात वावरायचे खरे धडे त्यांनी गिरवले ते नवेगावबांध-मेळघाटच्या आदिवासींमागे चालत. भर उन्हाळ्यात झरे आटले की हे जाणते लोक ऐनाच्या खोडावरचा फुगवटा हेरतात. तिथे कुऱ्हाडीचा घाव घातला की आत साठलेले पाणी पाझरू लागते. वानराने इशाऱ्याची हाक दिली, की पाऊल जागच्या जागी थांबवायचे. ही विद्या पुस्तकातून अंगी येत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातही असेच जाणते, तित्तिराची हुबेहूब साद घालणारे फासेपारधी आहेत. त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952पर्यंत देशातून गेला, लोकांच्या नजरेतला संशय मात्र गेला नाही. जिल्ह्यातल्याच नान्नजच्या माळरानावर शाळेच्या सहली येतात, तेव्हा मुलांपुढे यांनाच उभे करा, रीतसर मानधन देऊन.