गोदामाचा मक्ता कोणत्या रीतीनें द्यावा ?

सहकारी सोसायट्यांनीं स्वतःचीं गोदामें बांधावींत, हा विचार आतां नवा राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें २०२० सालीं उभारलेल्या कृषि पायाभूत निधींत दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत व्याजांत तीन टक्के सवलत ठरवून दिली. सहकारी धान्यसांठवणुकीच्या योजनेंतील पहिलीं ११ गोदामें २४ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुलीं झालीं. त्यांत अमरावती जिल्ह्यांतील नेरपिंगळाईचें एक आहे. पैसा कोठून आणावा याची चर्चा सभांतून पुष्कळ होते. तो मक्तेदाराच्या हातीं कोणत्या अटींवर द्यावा, याची मात्र बहुधा होत नाहीं. ठरावांत 'कमीत कमी दराची निविदा मंजूर' एवढें एकच वाक्य असतें. आमच्या मतें गोदाम टिकणार कीं तडकणार हें या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून आहे.

समितीस ठोक रकमेचा मक्ता फार आवडतो. आंकडा एक, तो ठरावांत बसतो व कर्जाच्या अर्जांतहि बसतो. परंतु जमिनीच्या पोटांत काय आहे हें त्या आंकड्यास ठाऊक नसतें. आपल्या काळ्या जमिनी पावसाळ्यांत फुगतात आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळतात. म्हणून पाया या हलत्या थराखालीं मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरुम एका कोपऱ्यांत पांच फुटांवर लागावा व दुसऱ्यांत बारा फुटांवर, हें विहीर खणलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. ठोक मक्त्यांत मग दोनच गोष्टी संभवतात. सावध मक्तेदार बारा फूट धरून रक्कम सांगतो, आणि मुरुम पांचावर लागला तरी वरचे पैसे परत करीत नाहीं. गरजू मक्तेदार पांच फूट धरून निविदा जिंकतो, आणि बारा लागणार असें दिसतांच आठावर थांबून पाया भरून टाकतो. बुजलेला खड्डा कोणास दिसत नाहीं. तिसऱ्या-चवथ्या उन्हाळ्यांत भिंतच काय तें सांगते.

यावर बाबवार दराची रीत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यांत दरसूचीवर टक्केवारी सांगतात, बी-२ नमुन्यांत प्रत्येक बाबीचा दर निराळा सांगतात. जेवढें खोदकाम झालें तेवढ्याचे पैसे. हें न्यायाचें आहे, पण निर्धोक नाहीं. चतुर मक्तेदार आरंभींच्या बाबींचे दर चढे लावतो व शेवटच्या बाबींचे उतरते. एकूण बेरीज कमी दिसते, पाया होतांच त्याचा नफा हातीं येतो, आणि छपराच्या वेळीं माणसें दुसऱ्या कामावर जातात. म्हणून निविदा उघडतांना बेरीज पाहून न थांबतां एकेका बाबीचा दर पाहावा. आणि मोजमापवही लिहिणारा अभियंता सोसायटीचा असावा, मक्तेदाराच्या ओळखीचा नव्हे.

अलीकडे नकाशापासून कुलपापर्यंत सर्व एकाच्याच गळ्यांत घालण्याची टूम निघाली आहे. कारखान्यांत तयार होणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या गोदामास ती शोभते. सांगाडा ज्यानें आंखला त्यानेंच तो उभा करावा हें सोयीचें आहे. परंतु पाया व जमीन त्याच मक्त्यांत घालूं नये. जो आंखतो तोच बांधतो व तोच तपासतो, तेथें चूक सांगणारा कोणी उरत नाहीं.

'साहित्याचा खर्च अधिक दहा टक्के' असें सांगणारेहि भेटतात. ही गोड वाटणारी रीत आम्हांस सर्वांत घातक वाटते. आगगाडीच्या आरंभींच्या कंपन्यांस १८४९ पासून भांडवलावर पांच टक्के व्याजाची हमी होती, आणि तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे अखेर रयतेच्या पैशांतून, भरली जाई. मग काटकसर कोणीं व कशासाठीं करावी ? ज्याचा नफा खर्चाबरोबर वाढतो त्याच्याकडून खर्च कमी होण्याची आशा धरूं नये.

सिमेंट व लोखंड स्वतः घेऊन मजुरीचें काम मजूर सहकारी संस्थेस देणें, म्हणजे अमानी काम, हें आमच्या मनास सर्वांत भावतें. तथापि त्यास रोज जागेवर उभा राहणारा माणूस लागतो. १२ मिलिमीटरच्या सळईचा एक मीटर सुमारें ८९० ग्रॅम भरला पाहिजे, हें तोलून पाहणारा कोणी नसेल तर अमानींत ठकविणारे एकाऐवजीं चार होतात. अध्यक्ष महिन्यांतून एकदां येणार असतील तर या वाटेस जाऊं नये.

तेव्हां साधारण सोसायटीनें काय करावें ? निविदेआधीं चार कोपऱ्यांत व मध्यें चांचणीचे खड्डे घ्यावे. जोत्यापर्यंतचें काम बाबवार दरानें द्यावें. जोत्यावरचें ठोक रकमेनें, पण नकाशे पुरे झाल्यावरच. अपुऱ्या नकाशावरचा ठोक मक्ता म्हणजे 'जादा कामाच्या' बिलांस आमंत्रण होय. अनामत एक पूर्ण पावसाळा छपरावरून गेल्याखेरीज परत देऊं नये. अभियंत्याची फी जास्त वाटते अशी तक्रार सभासद करतील. त्यांस पायाच्या चार फुटांचा हिशेब दाखवावा. आणि खड्डे उन्हाळ्यांतच घ्यावे. मृग लागल्यावर त्यांत पाणी सांचतें, मुरुम दिसत नाहीं.