हयातीचा दाखला आणि हक्क

बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांचे जन्मगाव कुंभकोणम. तेथील मराठी कुटुंबांना सरकारी चाकरीची जुनी परंपरा आहे. तेथील निवृत्त केंद्रीय कर्मचारी आज मुलाकडे परदेशी गेला, तरी नोव्हेंबरातील हयातीचा दाखला त्याला चुकत नाही. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आले, २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली. दूतावासाचा दाखलाही चालतो. मात्र दाखला पोहोचला नाही, तर निवृत्तिवेतन थांबते. बँकेचा स्मरणसंदेश येथील बंद मोबाइलवर गेला, तर त्याचा उपयोग काय? निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १९८२ मध्येच दिला. तेव्हा वेतन रोखण्यापूर्वी परदेशातील पत्त्यावर विचारणा व्हावी आणि वाजवी मुदत मिळावी. हक्काची बूज राखण्याचा भार एकट्या वृद्धावर टाकणे सरकारला शोभणारे नाही.