एमबी मागा

रस्ता उखडला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो, आमदाराला टोमणा मारतो आणि खड्डा चुकवून पुढे जातो. त्या रस्त्याचं मोजमाप लिहून खाली सही कुणी केली, हे कुणी विचारत नाही. आकडा कोटींत असल्याशिवाय आपलं रक्तच तापत नाही. 2012 साली मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराचा विषय पेटला, उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि तीन महिन्यांच्या आत ते त्याच पदावर परतले. आपणही तोवर थंड झालो होतो.

सरकारी बांधकामात पैसा कुठे मुरतो हे पाहायचं तर मोजमाप पुस्तिका उघडावी. ऑफिसात तिला सगळे एमबी म्हणतात. अभियंत्याने जागेवर टेप लावायची, लांबी-रुंदी-जाडी लिहायची, वरच्याने तपासायची, मग बिल निघायचं. लांबी-रुंदीत सहसा कुणी खोटं लिहीत नाही, ती कुणालाही मोजता येते. खायचं ते जाडीत. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यात खडीचा थर नुसता पाच सेंटीमीटरने कमी घातला, तर दीडशे घनमीटर, म्हणजे सुमारे 53 ब्रास खडी कागदावरच राहते. वर डांबर पडलं की विषय संपला.

ही एमबी मागायचा हक्क आपल्याला आहे. माहिती अधिकार कायदा केंद्राने 2005 साली आणला. आपल्याकडे त्याआधीच, 2002 साली, राज्याचा कायदा होता. नुसती कागदाची प्रतच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क 2005 च्या कायद्यात आहे. तो वापरतो कोण?

आता 'आरटीआयवाला' हा शब्द गावात कसा उच्चारला जातो, ते मला माहीत आहे. अर्ज टाकून मागच्या दाराने सेटिंग करणारे आहेतच. पण तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींसारखे जीव गमावलेलेही आहेत; त्यांचा 2010 साली खून झाला. एकट्या माणसाच्या हातात कागद असला की तो विकत घेता येतो किंवा संपवता येतो. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने ही मेख ओळखली. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात त्यांनी जनसुनवाई घेतली आणि कामाच्या नोंदी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्या. कोण कामावर होतं आणि कोण नव्हतं, हे गावाला पाठच असतं. तिथे सेटिंग कुणाशी करणार?

म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी दीड महिना अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, एकच काम, अंदाजपत्रकाची आणि एमबीची प्रत. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. प्रत आली की घरात ठेवू नका, सभेत वाचा आणि येताना टेप घेऊन या.